बक्षीस तुमचं, यादी त्यांची

२०२१ साली आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन मोठे वर्धापनदिन साजरे झाले. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनचा तिसावा आणि ऑक्टोबरच्या सुमारास टाटा समूहाचा दीडशेवा. पहिल्यात महागडा फोन मिळणार होता, दुसऱ्यात मोटार. अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ची. तिला तीस पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं होती. टाटांच्या उद्योगाची सुरुवात १८६८ची. त्यांची दीडशे वर्षं होऊन तीन वर्षं उलटली होती. एक वर्धापनदिन तीन वर्षं आधी आला, दुसरा तीन वर्षं उशिरा. टाटा समूहाने आपला याच्याशी संबंध नाही असं जाहीर केलं, तरी लिंक फिरत राहिली. वजाबाकी करायला कुणी थांबलं नाही.

त्या लिंकमागचं पान नीट पाहण्यासारखं होतं. आधी चार सोपे प्रश्न : ही कंपनी तुम्हाला ठाऊक आहे का, वय किती, स्त्री की पुरुष, सेवा कशी वाटते. उत्तर काहीही द्या, ‘तपासणी सुरू आहे’ असं म्हणत पट्टी सरकते आणि तुम्ही पात्र ठरता. मग पडद्यावर खोक्यांची रांग येते. निवडायच्या संधी मोजक्या. पहिलं खोकं रिकामं निघतं, आणि जरा हळहळ वाटते न वाटते तोच पुढच्या खोक्यात फोन सापडतो. तो सगळ्यांनाच सापडतो, कारण सोडत कुठेच निघालेली नसते. निकाल पानाच्या कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो. खाली दहा-बारा जणांच्या प्रतिक्रिया असतात : ‘मला कालच मिळाला’, ‘आधी विश्वास बसला नव्हता’. त्याही पानाचाच भाग. त्यांना उत्तर देता येत नाही. शेवटची अट मात्र खरी असते. ही बातमी पाच गटांना किंवा वीस जणांना पाठवा, मग बक्षीस घरपोच. प्रत्येक वेळी पाठवलं की हिरवी पट्टी थोडी पुढे जाते. ती भरली की आणखी एक फॉर्म, आणखी एक अ‍ॅप, आणखी एक सर्वेक्षण.

इथवर कुणी एक रुपयाही मागितलेला नसतो. त्यामुळे ‘माझं काय गेलं?’ असं म्हणून माणूस विषय सोडून देतो. पुढच्या आठवड्यापासून कर्ज, विमा, शेअरच्या टिप्स, ऑनलाइन रमी, घरबसल्या नोकरी यांचे फोन आणि मेसेज सुरू होतात, तेव्हा त्यांचा त्या फोनच्या खोक्याशी काही संबंध असेल असं डोक्यातही येत नाही. पैसे मागितले की फसवणूक सुरू होते, असा आपला समज आहे. बक्षिसाच्या जाहिरातीत मात्र विकायचा माल म्हणजे आपण भरलेला फॉर्म. तो ‘पाठवा’ दाबल्याक्षणी जाहिरातवाल्यांच्या हाती पडतो आणि त्यांच्या दृष्टीने व्यवहार तिथेच पुरा होतो. या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

एकाच वेशातले तीन धंदे

‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात!’ या एका आरोळीआड किमान तीन वेगळे धंदे चालतात.

पहिला माहितीचा. नाव, मोबाइल, ईमेल, वय, पिनकोड, नोकरी की व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं. प्रत्येक रकाना भरला की त्या नोंदीचा भाव वाढतो. ‘येत्या तीन महिन्यांत कर्ज घ्यायचा विचार आहे का?’ या प्रश्नाला हो म्हटलं की ती नोंद कर्जवाल्यांसाठी खास होते. काही पानं फॉर्मही मागत नाहीत. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ एवढंच सांगतात. दाबलं की त्या संकेतस्थळाला तुमच्या फोनवर सूचना पाठवायचा परवाना मिळतो आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’, ‘तुमचं पार्सल अडकलं आहे’ असल्या सूचना रात्री-अपरात्री झळकू लागतात.

दुसरा धंदा दरमहा थोडं थोडं कापण्याचा. बक्षीस फुकट, फक्त पाठवणावळीचे पैसे कार्डाने भरा, असं सांगितलं जातं आणि बारीक अक्षरांत मासिक वर्गणीची अट असते. आपल्याकडे याचा जुना अवतार म्हणजे कॉलर ट्यून, विनोद, राशिभविष्य आणि क्रिकेटचे स्कोअर. ‘जिंका मोटारसायकल’ अशा मेसेजला उत्तर दिलं की प्रीपेड बॅलन्समधून रोज काही रुपये जात. तक्रारी इतक्या वाढल्या, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा खातरजमा करणं बंधनकारक केलं.

तिसरा धंदा ‘आधी भरा’चा. बक्षीस पंचवीस लाखांचं, त्यासाठी फाइल चार्ज काही हजार. ते भरले की जीएसटी, मग बँकेचं ना-हरकत पत्र, मग परकीय चलन बदलण्याचा खर्च. प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा हप्ता’ असतो. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणावं, तर इथे आवळासुद्धा दाखवण्यापुरताच.

कायद्याच्या आणि पोलिसांच्या नजरेला तिसरा प्रकार पडतो, कारण त्यात पैसे गेल्याची नोंद असते. पहिले दोन ‘किरकोळ’ ठरतात. पण तिसऱ्याला गिऱ्हाईक पुरवतो तो पहिलाच. एकदा बक्षिसाच्या आशेने ज्याने फॉर्म भरला, त्याचं नाव ‘प्रतिसाद देणारा’ म्हणून यादीत चढतं, आणि अशा नावाला साध्या नावापेक्षा जास्त मागणी असते.

पाकिटापासून पडद्यापर्यंत

ही युक्ती इंटरनेटने शोधलेली नाही. अमेरिकेत मासिकांची वर्गणी खपवण्यासाठी सोडतीची पाकिटं घरोघर पाठवण्याची मोठी परंपरा होती. रीडर्स डायजेस्टच्या भारतीय वर्गणीदारांनाही ती जाडजूड पाकिटं आठवत असतील : आपलं नाव ठळक छापलेलं, ‘तुम्ही अंतिम फेरीत’ असा मजकूर, ‘होय’ आणि ‘नाही’ असे वेगवेगळे लखोटे. खरेदीची सक्ती नसे. पण मासिक घेतलं तर नंबर लागायची शक्यता वाढेल असं वाचणाऱ्याला वाटावं, अशी सगळी मांडणी. वयस्कर माणसं जिंकण्याच्या आशेने ढिगाने मासिकं मागवू लागली, तेव्हा अमेरिकी संसदेने १९९९ साली टपालातून होणाऱ्या अशा फसव्या सोडतींविरुद्ध कायदा केला. रीडर्स डायजेस्टला २००१ मध्ये तिथल्या तीसहून अधिक राज्यांशी पैसे मोजून तडजोड करावी लागली. पाकिटांचा जमाना सरल्यावरही या धंद्याची रीत जुनीच राहिली. पब्लिशर्स क्लिअरिंग हाउस या त्या क्षेत्रातल्या सर्वांत प्रसिद्ध कंपनीने संकेतस्थळावर खरेदी आणि सोडत यांची गल्लत होईल अशी रचना केल्याचा आरोप झाला आणि २०२३ मध्ये तिने १.८५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

इंटरनेटवरच्या पहिल्या मोठ्या व्यापारी स्पॅमचा विषयही लॉटरी हाच होता. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या दोन वकिलांनी यूजनेटच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली : ग्रीन कार्डच्या सोडतीसाठी अर्ज भरून देतो, फी द्या. सोडत खरी होती, सरकारी होती आणि अर्ज स्वतः भरण्यासारखा होता. भारतात जन्मलेल्यांना ही सोडत एरवी खुली नसते, कारण भारतातून अमेरिकेत स्थायिक होणाऱ्यांची संख्या आधीच मोठी आहे. तरीही ‘तुमची ग्रीन कार्ड लॉटरीत निवड झाली’ असे ईमेल पुण्या-नाशकातल्या तरुणांना येत राहतात. अमेरिकी परराष्ट्र खातं निवड झाल्याचं ईमेलने कळवतच नाही. निकाल अर्जदाराने त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन पाहायचा असतो.

२०००च्या दशकात ‘तुम्ही या संकेतस्थळाचे दहा लाखावे पाहुणे’ अशी लुकलुकणारी चौकट आली. तिच्यावर टिचकी मारली की फुकट लॅपटॉप किंवा आयपॉड. प्रत्यक्षात त्यासाठी क्रेडिट कार्डांचे अर्ज, वर्गण्या, कर्जाच्या योजना अशी पायरीमागून पायरी चढावी लागे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकारावर २००७-०८ मध्ये लागोपाठ कारवाया केल्या. त्यांतल्या व्हॅल्यूक्लिक या कंपनीला २००८ मध्ये २९ लाख डॉलर भरावे लागले. नको असलेल्या ईमेलविषयीच्या २००३च्या कायद्याखाली तोवरची ती सर्वांत मोठी रक्कम होती. मग ईमेलची जागा एसएमएसने घेतली. हजार डॉलरचं गिफ्ट कार्ड जिंकल्याचे १८ कोटींहून अधिक मेसेज पाठवल्याबद्दल याच आयोगाने मार्च २०१३ मध्ये २९ प्रतिवादींना कोर्टात खेचलं. माध्यम बदलत गेलं, पण दर वेळी माणसाला पोहोचवलं गेलं ते एका फॉर्मापाशीच.

नावांची बाजारपेठ

फॉर्म भरणाऱ्याला दिसत नाही तो भाग इथून सुरू होतो. जाहिरात करणारा वेगळा, पान बनवणारा वेगळा, माहिती गोळा करणारा वेगळा आणि ती विकत घेणारा आणखी वेगळा. मधल्या प्रत्येकाला नगामागे पैसे मिळतात. फॉर्माखाली आधीच टिक केलेल्या चौकटीपुढे ‘आमचे मार्केटिंग भागीदार’ असे तीन शब्द असतात आणि त्यांच्यावर टिचकी मारली तर डझनावारी कंपन्यांची नावं उघडतात. एका टिकेत त्या सगळ्यांना तुमची परवानगी. मग एखाद्याने कॉल सेंटरला ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ असं खडसावून विचारलं, की शांतपणे उत्तर येतं, ‘सर, आपणच आमच्या पार्टनरकडे संमती दिली होती.’ ते अगदीच खोटंही नसतं, आणि धंद्याची सगळी ताकद त्यातच आहे.

२०२३च्या जुलैमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फ्लुएंट नावाच्या कंपनीविरुद्ध प्रकरण दाखल करताना तिच्या धंद्याला ‘संमतीची शेती’ म्हटलं. फुकट वस्तू आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींतून लोकांना फॉर्मांच्या मालिकेत ओढायचं, वाटेत फोन करण्याची परवानगी घ्यायची आणि ती टेलिमार्केटिंगवाल्यांना विकायची, असा आरोप होता. कंपनीने २५ लाख डॉलर दंडावर तडजोड केली.

या नावांचा उपयोग फक्त विक्रीसाठी होत नाही. इंटरनेटच्या समान वागणुकीचे नियम काढून टाकावेत का, यावर २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने जनतेची मतं मागवली. दोन कोटींहून अधिक आली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यांतली सुमारे १.८ कोटी बनावट होती. ८५ लाखांहून अधिक मतांमागे ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेली मोहीम होती आणि तिच्यासाठी नावं जमवणाऱ्यांनी गिफ्ट कार्ड आणि सोडतींची आमिषं वापरली होती. तिथेही बहुतेकांना प्रत्यक्ष विचारलंच गेलं नाही. इतर कामांसाठी गोळा केलेली नावं-पत्ते उचलून त्यांच्या नावे मतं चिकटवली गेली. नावं पुरवणाऱ्या तीन कंपन्यांनी मिळून ४४ लाख डॉलर भरले. म्हणजे कुणी गिफ्ट कार्डासाठी पत्ता दिला आणि त्याच्या नावे सरकारला भलतंच मत गेलं.

यादीची किंमत किती टोकाला जाऊ शकते हे जमैकात दिसलं. अमेरिकेतल्या वृद्धांना ‘तुम्हाला लॉटरी लागली, आधी शुल्क भरा’ असे फोन करणाऱ्या टोळ्या माँटेगो बे आणि आसपासच्या भागात उभ्या राहिल्या. त्यांचं भांडवल म्हणजे सोडतींना प्रतिसाद देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं आणि फोन नंबर. या याद्यांवरून टोळ्यांत खून पडले. जमैकाने २०१३ मध्ये खास कायदा केला, तरी सेंट जेम्स परगण्यात हिंसाचार इतका वाढला की जानेवारी २०१८ मध्ये तिथे आणीबाणी पुकारावी लागली. त्या हिंसेच्या मुळांमध्ये लॉटरीच्या धंद्यातला पैसा हे एक प्रमुख कारण मानलं जातं.

आपल्याकडची तऱ्हा

भारतात या सगळ्याला ओळखीचा चेहरा मिळाला तो ‘कौन बनेगा करोडपती’चा. जुलै २००० मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम घराघरांत पोहोचला, मराठीतही त्याच्या आवृत्त्या झाल्या आणि सामान्य माणूस फोनवरून निवडला जातो हे सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. त्या विश्वासावर व्हॉट्सअ‍ॅपची ‘पंचवीस लाखांची लॉटरी’ उभी राहिली. सूत्रसंचालकाचा फोटो, बँकेचं बोधचिन्ह, एक लॉटरी क्रमांक, एका ‘मॅनेजर’चं नाव आणि हिंदीतला ध्वनिसंदेश. अनेकदा नंबर पाकिस्तानच्या +९२ या क्रमांकाने सुरू होणारा. त्यात एक सूचना हमखास : ‘फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच कॉल करा.’ त्यामुळे बोलणं दूरसंचार कंपन्यांच्या स्पॅम रोखणाऱ्या जाळ्याबाहेर राहतं. दिल्ली पोलिसांपासून अनेक राज्यांच्या सायबर शाखांनी याविषयी वारंवार इशारे दिले आहेत.

गावाकडे दुसरी तऱ्हा चालते. टीव्हीवरून किंवा ऑनलाइन काही मागवलं, की काही दिवसांनी टपालाने पाकीट येतं. आत झुळझुळीत स्क्रॅच कूपन, मोटारीचा फोटो, शिक्के आणि सह्या. ग्राहकाचं नाव, पत्ता, कधीकधी मागवलेली वस्तूही बिनचूक असते. खरेदीचा तपशील कुठूनतरी गळालेला असतो. एवढी खरी माहिती ज्या कागदावर आहे, तो कागद खोटा असेल हे पटायला जड जातं.

कराच्या बाबतीतही फसवणारे अर्ध्या सत्याचा आधार घेतात. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर असतो आणि रक्कम १०,००० रुपयांच्या वर असली तर देणारा तो कापून घेऊनच पैसे देतो. बक्षीस मोटारीसारख्या वस्तूच्या रूपात असेल, तर मात्र कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय वस्तू देता येत नाही. म्हणजे खरी मोटार जिंकणाऱ्यालाही आधी कराचे पैसे उभे करावे लागू शकतात. त्यामुळे ‘गाडी तयार आहे, टॅक्स भरा’ हे वाक्य जाणत्या माणसालाही खरं वाटतं. ओळखायची खूण एकच : कर सरकारी खात्यात, पॅनच्या नोंदीने जमा होतो, कुणा व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर नाही.

परदेशी लॉटरीच्या बाबतीत तर पैसे पाठवणाराच अडचणीत येतो. लॉटरीत भाग घेण्यासाठी परदेशी पैसे धाडायला परकीय चलनाच्या नियमांनुसार मनाई आहे आणि रिझर्व्ह बँकेने मे २०१०च्या परिपत्रकात बँकांना याची खास जाणीव करून दिली होती. मग फसवणारे भारतातलीच भाड्याची खाती वापरू लागले. खुद्द रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या नावाने ‘तुमचे पाउंड आमच्याकडे जमा आहेत’ असे ईमेल आले आणि आपण व्यक्तींची खाती ठेवतच नाही, हे बँकेला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

यूपीआय आल्यावर सोडत खिशात शिरली. गूगलच्या पेमेंट अ‍ॅपने स्क्रॅच कार्ड लोकप्रिय केलं. ते खरं होतं. कधी एकवीस रुपये मिळत, बहुतेकदा ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. तमिळनाडूत १९७९चा बक्षीस योजनाबंदीचा कायदा असल्याने तिथल्या लोकांना ही कार्डं मिळत नसत; इतर राज्यांत मात्र अंगठ्याने कार्ड खरवडायची सवय लागली. तीच हालचाल फसवणाऱ्यांनी उचलली. कार्ड खरवडलं की ‘१,९९९ रुपये जिंकलात, बँकेत जमा करा’ असं बटण येई आणि ते दाबल्यावर पैसे येण्याऐवजी पैसे मागण्याची विनंती उघडे. घाईत पिन टाकला की रक्कम गेली. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, हे लक्षात राहिलं असतं तर एवढ्यावर निभावलं असतं. शेवटी व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. लोकांना वर्षानुवर्षं सांगून जे साधलं नाही, ते एक बटण काढल्याने बऱ्याच अंशी साधलं. पुढच्या चर्चेत हे उदाहरण विसरू नये.

कायद्याची जाळी आणि तिच्यातली भोकं

कायदे कमी नाहीत. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बक्षिसांविषयी थेट तरतूद आहे. बक्षीस द्यायचा हेतू नसताना ते देऊ करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि योजना संपल्यावर अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांना न कळवणं हीसुद्धा. जाहिरात जिथे दिली तिथेच निकालही ठळकपणे छापावा, अशी त्यामागची अपेक्षा. आज ऑनलाइन चालणाऱ्या किती ‘स्पिन अँड विन’ योजनांची विजेत्यांची यादी कधी कुणी पाहिली आहे? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. याच प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई, फसवा प्रश्न, वर्गणीचा सापळा, आमिष एकाचं आणि माल दुसरा, असे आपल्या विषयातले बरेच प्रकार त्यांत आले आहेत.

अडचण अशी, की हे सगळं ज्याचा पत्ता सापडतो त्याला लागू पडतं. आठवडाभर चालून बंद होणाऱ्या पानाचा मालक कोण, हे शोधायला प्राधिकरणाकडे ना वेळ ना माणसं.

स्पॅमच्या बाजूने पाहिलं तर कथा आणखी तुकड्यांत आहे. ट्रायने २००७ साली ‘नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, २०१० मध्ये नियम कडक केले, २०१८ मध्ये व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची केली आणि फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने ग्राहकाला तक्रारीसाठी तीनऐवजी सात दिवस दिले. बिगरनोंदणीकृत नंबरवरच्या तक्रारीवर तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत कारवाई व्हायला हवी, असंही ठरलं. एसएमएसचं हे कुंपण बऱ्यापैकी मजबूत झालं. पण ते कुंपण संमतीपाशी उघडतं. नोंदवहीत ‘काहीच नको’ असं लिहून ठेवलं तरी एखाद्या कंपनीला स्वतंत्र संमती दिली असेल, तर तिचा मेसेज येऊ शकतो. बक्षिसाचा फॉर्म नेमकी तीच संमती गोळा करतो.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या मेसेजना ट्रायचे हे नियम लागूच नाहीत. ईमेलची स्थिती त्याहून विचित्र. त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख कलम ६६-अच्या एका पोटकलमात होता. ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. निर्णय योग्यच होता. पण नको असलेल्या व्यापारी ईमेलवर स्वतंत्र कायदा त्यानंतरही झाला नाही.

आता भिस्त आहे ती २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर. संमती मुक्त, विशिष्ट कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, असं तो म्हणतो. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ‘विशिष्ट’ या शब्दाचा अर्थ कडकपणे लावला गेला, तर एका टिकेत चाळीस भागीदार हा प्रकार टिकू नये. अर्थात अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. एका वेळी एकाच विक्रेत्याला संमती, असा नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये केला होता. जानेवारी २०२५ मध्ये, लागू व्हायच्या तोंडावरच, अपील न्यायालयाने तो रद्द केला. नावांच्या याद्यांवर ज्यांची पोटं आहेत, ते गप्प बसत नाहीत.

‘हाव नडली’ हे स्पष्टीकरण

फसलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एक निकाल तयार असतो : फुकटचं हवं होतं, भोगा. लोभ असतोच, नाही असं नाही. पण त्याने फार थोडं उलगडतं. सोडतीत बक्षीस मिळतं हा अनुभव खोटा नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकार स्वतः चालवतं. आखातातल्या विमानतळांवरच्या आणि अबुधाबीच्या मोठ्या सोडतींमध्ये भारतीय माणसं दर वर्षी खरोखर जिंकतात, आणि तिथे नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना त्याच नावांनी खोटे फोनही येतात. खरी योजना आणि खोटी योजना यांचे रंग, भाषा, काउंटडाउन सारखेच असतात, कारण खऱ्या कंपन्यांनीच ग्राहकाला घाई करण्याची ही रीत रुळवली आहे. वर लिंक पाठवणारी बहुधा मावशी किंवा शाळेतला मित्र असतो. तिथे संशय घेणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. आणि पैसे जात नसताना काळजी कशाला घ्यायची, हा हिशेब त्या क्षणी चुकीचा म्हणता येत नाही.

हावेचा ठपका फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. घरच्यांसमोर हसं होईल या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तक्रार होत नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. त्यात सगळे प्रकार आले आणि तेही फक्त नोंदवलेले. ज्यांचं फक्त नाव गेलं, ते या आकड्यात कुठेच नाहीत.

फॉर्म भरून झाला असेल तर

‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणायची वेळ आली असेल, तर काही गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचना पाठवणाऱ्या संकेतस्थळांची यादी उघडा. ओळखीची नसलेली सगळी बंद करा. ‘पार्सल’ आणि ‘व्हायरस’च्या सूचनांचा निम्मा कलकलाट तिथेच थांबतो. त्या पानाने कुठलं अ‍ॅप उतरवायला लावलं असेल तर ते काढा. फॉर्ममध्ये पासवर्ड दिला असेल आणि तोच ईमेललाही असेल, तर आधी ईमेलचा बदला. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांच्या परवानग्या पाहा आणि नको त्या रद्द करा.

१९०९ वर एसएमएस किंवा फोन करून ‘नको’ची नोंद करा आणि त्यानंतरही आलेल्या फोनची तक्रार सात दिवसांच्या आत तिथेच द्या. फसवणुकीचा नुसता संशय असेल, पैसे गेले नसतील, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत नंबर कळवता येतो. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा. अनोळखी ईमेलच्या तळाशी असलेल्या ‘यादीतून काढा’ या दुव्यावर मात्र टिचकी मारू नका. पत्ता चालू आहे आणि माणूस वाचतो, एवढंच त्यातून त्यांना कळतं. आणि लिंक पुढे पाठवली असेल, तर त्याच गटात ती खोटी असल्याचं लिहा. जरा ओशाळवाणं वाटेल, पण सरकारी इशाऱ्यापेक्षा त्या एका ओळीचा परिणाम जास्त होतो.

जबाबदारी कुणाची

इतक्या वर्षांच्या जनजागृतीचा सूर एकच राहिला आहे : सावध राहा, लोभ आवरा, लिंक दाबू नका. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. प्रत्येक नागरिकाने प्रत्येक पडद्यावर प्रत्येक वेळी शहाणं असावं, अशी अपेक्षा करणारी व्यवस्था हरणारच. पैसे मागण्याची विनंती बंद झाल्यावर यूपीआयच्या स्क्रॅच कार्डाचा डाव बराच मोडला, तसाच यादीचा डावही मोडता येईल. त्यासाठी प्रश्न फॉर्म भरणाऱ्याऐवजी फोन करणाऱ्याला विचारायला हवा. कर्जाचा, विम्याचा, शेअरचा फोन ज्या नामांकित कंपनीच्या वतीने येतो, तिने ही संमती कुणाकडून, कोणत्या पानावर, कोणत्या शब्दांत घेतली हे दाखवावं; दाखवता आलं नाही तर दंड मध्यस्थाला न होता तिलाच व्हावा. संमती ग्राहकाने स्वतंत्र मेसेजला उत्तर देऊन नोंदवावी आणि हवी तेव्हा काढून घ्यावी, अशी व्यवस्था ट्रायने जून २०२३ मध्ये सांगितली होती. तिचा प्रायोगिक वापर रिझर्व्ह बँक आणि काही बँकांसह २०२५ मध्ये सुरू झाला. तो बँकांपुरता न ठेवता सगळ्यांना लागू करायला हवा. बक्षीस योजना चालवणाऱ्याने विजेत्यांची यादी त्याच पानावर प्रसिद्ध करावी, ही ग्राहक कायद्यातली अपेक्षा ऑनलाइन योजनांवरही काटेकोरपणे बजावली जावी. खोट्या पानांचे मालक यानेही सापडणार नाहीत. पण त्यांच्याकडून नावं विकत घेणारे सापडतात, त्यांची कार्यालयं आपल्याच शहरांत आहेत आणि त्यांचे परवाने सरकारच्याच हातात आहेत. त्यांनी खरेदी थांबवली, तर खोकी उघडून दाखवणाऱ्यांना फोन फुकट वाटल्याचं नाटक करायला काही कारण उरणार नाही.